पेटी गुण्यात नाही

मे महिना, जालना एमआयडीसीतलं फॅब्रिकेशन यार्ड. आमच्या पुलाचा पोलादी बॉक्स गर्डर, म्हणजे पोकळ पेटीसारखी तुळई, ठोकळ्यांवर टेकवलेला: २४ मीटर लांब, दीड मीटर रुंद, दीड मीटर खोल. मॅनहोलमधून आत शिरलेल्या फिटर मामांनी मध्यावर दोन्ही कर्ण टेपने मोजले. फरक १८ मिलिमीटर.

मी लगेच आवाज चढवला. "पेटी गुण्यात नाही, वेल्डिंगने ओढली तुमच्या." गुण्यात, म्हणजे काटकोनात; कर्ण सारखे नसले की चौकोन तिरका.

मामा घाम पुसत बाहेर आले. "साहेब, पेटी गुण्यातच हाय. वरचा माल उतरवू अन् परत मोजू."

वर, एका वेबच्या (पेटीच्या उभ्या बाजूच्या पत्र्याच्या) रांगेत, दुसऱ्या कामाच्या सुमारे १० टन प्लेटा रचलेल्या होत्या. त्या क्रेनने उतरवल्या. कर्ण सारखे!

चूक माझीच होती. मेच्या उन्हात पेटीत शिरून वेल्डिंग करणाऱ्यांची कीव येऊन (आणि वजनही वाचवायला, खोटं कशाला बोलू) मी डिझाइनमधून मधले सगळे डायफ्राम (पेटीच्या आतल्या आडव्या पोलादी भिंती) काढले होते, फक्त दोन टोकांचे ठेवले होते. संगणकातलं मॉडेल एका रेषेचं होतं, अख्खी पेटी म्हणजे एक रेघ. अशा मॉडेलमध्ये छेदाचा आकार बदलतच नाही हे गृहीतच असतं, मग ते तक्रार तरी कशी करणार?

रात्री हॉटेलवर कागद घेऊन बसलो. एका वेबवरच्या भाराचा निम्मा भाग नुसता वाकवतो. उरलेला निम्मा दोन वेबवर उलटसुलट येतो, आणि त्याचे पुन्हा दोन वाटे: एकाने अख्खी पेटी पिळली जाते, दुसऱ्याने चौकोनाचा तिरका चौकोन होतो. हा दुसरा वाटा अडवायला पातळ पत्र्याची चौकट फारशी कामाची नसते. १९६८ साली राइट, अब्देल-समद आणि रॉबिन्सन या संशोधकांनी मांडलेलं साधर्म्य इथे उपयोगी पडतं. स्प्रिंगांवर टेकलेली तुळई कल्पायची. चौकटीचा ताठरपणा म्हणजे स्प्रिंगा, डायफ्राम म्हणजे आधार. माझ्या तुळईला टोकांखेरीज आधारच नव्हता. शिवाय वेब आणि फ्लॅंज (वरखालचे पत्रे) यांच्या सांध्यात आडवं वाकणं येत होतं, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकांनी धातूचा थकवा (पुन्हा पुन्हा भार येऊन तडे जाणं) नेमका वेल्डमध्येच साठला असता.

दर सहा मीटरवर एक, असे तीन डायफ्राम वाढवले. नवा नकाशा मामांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा केला.

"ठीक हाय," ते म्हणाले. "भोकं तेवढी मोठी ठेवा."