पुढच्या वर्षी, मेयो

दोन आयरिश माणसं पहिल्यांदा भेटली की नाव आणि नोकरीचं पटकन उरकून घेतात आणि मग मुद्द्याचा प्रश्न येतो: काउंटी कुठली? आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत शेजारचे अनोळखी काका "मूळचे कुठले?" विचारतात, अगदी तोच सूर. उत्तर मिळेपर्यंत समोरचा माणूस अधांतरी असतो. मिळालं की पुढच्या गप्पा ठरलेल्या. काउंटी कळली म्हणजे तिचा गेलिक फुटबॉलचा संघ कळला, आणि संघ कळला की या गृहस्थाचा गेला उन्हाळा कसा गेला असेल तेही कळतं.

गंमत अशी, की या काउंट्या आखल्या त्या इंग्रज राज्यकर्त्यांनी, आपल्या कारभाराच्या सोयीसाठी. 1884 साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली ती इंग्रजी खेळांच्या लाटेत देशी खेळ वाहून जाऊ नयेत म्हणून. पण संघ पडले ते इंग्रजांनी ओढलेल्या रेषांवरच. पुढे देशाची फाळणी झाली, सहा काउंट्या ब्रिटनकडे राहिल्या. ती रेष मात्र फुटबॉलने मानली नाही. उत्तरेतली डेरी आणि दक्षिण टोकाची कॉर्क आजही एकाच करंडकासाठी भांडतात. करंडकाचं नाव सॅम मॅग्वायर, लाडाने नुसतं सॅम.

मी डब्लिनमध्ये भाड्याने राहतो, तेव्हा रीतसर डब्लिनकर व्हायला हवं होतं. पण सतत जिंकणाऱ्याच्या बाजूने ओरडण्यात माझं मन कधी रमलं नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावर मेयोचा एक माणूस बसतो, त्याची लागण झाली. मेयो म्हणजे अटलांटिकच्या काठची, दलदलीची, पावसाची आणि गाव सोडून गेलेल्या माणसांची काउंटी. "मेयो, गॉड हेल्प अस" असं तिथली माणसं स्वतःच म्हणतात, आणि म्हणताना हसतात. 1936, 1950 आणि 1951 या तीन वर्षी त्यांनी सॅम जिंकला. त्यानंतर नाही. बरं, संघ वाईट आहे म्हणून नाही असंही नाही. वाईट संघाचे पाठीराखे मे महिन्यातच मोकळे होतात आणि उरलेला उन्हाळा बागकाम करतात. मेयो फायनलला पोचतो आणि तिथे हरतो.

हरण्याच्या तऱ्हाही एकेक. 1996 च्या फायनलमध्ये ते मीथच्या सहा गुणांनी पुढे होते. शेवटी शेवटी मीथच्या कोल्म कॉइलने लांबून एक उंच फटका मारला, चेंडू गोलसमोर टप्पा पडला आणि कुणाच्याही हाताला न लागता आडव्या दांडीवरून पलीकडे गेला. बरोबरी. फेरसामना एका गुणाने गेला. 2016 च्या फायनलमध्ये तर पहिल्याच सत्रात मेयोने स्वतःच्या जाळ्यात दोन गोल केले, तरीही बरोबरी साधली. आणि पुन्हा फेरसामना, पुन्हा एकच गुण.

एका गुणाचं हे दुखणं कळायला खेळाचं गणित थोडं सांगायला हवं. पंधरा-पंधरा खेळाडू, सत्तर मिनिटं. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलांनंतर तो जमिनीवर आपटायचा, नाहीतर आपल्याच पायाने टिचकी मारून पुन्हा हातात घ्यायचा. गोलपोस्ट एच आकाराचा. आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक गुण (2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन), खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. फलकावर दोन्ही वेगवेगळे लिहितात: 1-16 म्हणजे एक गोल आणि सोळा गुण, एकूण एकोणीस.

आणि या सगळ्याचे खेळाडूंना पैसे मिळत नाहीत. प्रवासखर्च मिळतो, जेवण मिळतं, पगार नाही. बाहेरून तगडा खेळाडू विकत आणावा अशीही सोय नाही. ज्या गावच्या क्लबात वाढलात त्या काउंटीकडून खेळायचं. रविवारी ब्याऐंशी हजारांपुढे खेळलेला माणूस सुट्टी संपली की वर्गात हजेरी घेतो किंवा बँकेच्या काउंटरमागे बसतो. तुमच्या कर्जाचा अर्ज बघताना तो तुमची क्षमा मागेल असं वाटत असेल तर विसरा. उलट तुम्हीच त्याला "हार्ड लक" म्हणायचं असतं.

मेयोच्या सगळ्या हंगामांत 2017 चा मला सगळ्यात मेयोसारखा वाटतो. त्या वर्षी करंडकाची वाट सरळ नव्हती. प्रांताच्या स्पर्धेत हरलात तर मागच्या दाराने, पात्रता फेऱ्यांतून परत येता यायचं. मेयोने स्लायगोला हरवलं आणि जूनमध्ये गॉलवेकडून एका गुणाने हरून मागचं दार धरलं. मग घरच्या मैदानावर डेरीशी सामना जादा वेळात गेला. मग क्लेअर. मग लिमरिकमध्ये कॉर्कशी पुन्हा जादा वेळ. उपांत्यपूर्व फेरीत रॉसकॉमनशी बरोबरी, फेरसामना. उपांत्य फेरीत केरीशी बरोबरी, पुन्हा फेरसामना. फायनल धरून दहा सामने! त्या उन्हाळ्यात मेयोच्या माणसांनी किती डिझेल जाळलं याचा हिशेब कुणीतरी करायला हवा होता. माझा सहकारी शुक्रवारी दुपारी सँडविचं बांधायला घ्यायचा आणि सोमवारी बसलेल्या घशाने मीटिंगमध्ये खुणा करायचा. पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गवताच्या गुंडाळ्यांवर, कुंपणांवर, शेडच्या पत्र्यांवर "मेयो फॉर सॅम" रंगवलेलं असायचं. कुणी मेंढ्या हिरव्या-लाल रंगवतं. मेंढ्यांचं मत कुणी विचारत नाही.

रॉसकॉमनच्या त्या सामन्यांत आणखी एक मजा होती. मेयोचा आक्रमक अँडी मोरन बॅलहाडरीन गावचा. हे गाव पूर्वी मेयोत होतं. 1898 च्या कायद्याने ते रॉसकॉमनमध्ये टाकलं. टपाल रॉसकॉमनचं, नगरपालिकेची कामं रॉसकॉमनची, पण गावचा फुटबॉल क्लब हटून बसला आणि आजतागायत मेयोतच खेळतो. सरकारी नकाशा बदलला म्हणून माणसं बदलत नाहीत हे बेळगावकरांना समजावून सांगावं लागणार नाही. तर तेहेतीस वर्षांचा, कॅसलबारमध्ये जिम चालवणारा हा मोरन त्या वर्षी असा खेळला की हंगामाच्या शेवटी देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला.

केरीविरुद्ध प्रशिक्षक स्टीफन रॉचफर्ड यांनी एडन ओ'शे या आडदांड मधल्या खेळाडूला बचावात उभं केलं, केरीच्या उंचपुऱ्या किअरन डॉनहीला अडवायला. अख्ख्या देशाने त्यांना वेड्यात काढलं. डॉनहीने त्याला बराच त्रास दिला, सामना बरोबरीत सुटला, टीव्हीवरच्या तज्ज्ञांचे आवाज चढले. सहा दिवसांनी फेरसामन्यात रॉचफर्डनी पुन्हा ओ'शेलाच तिथे उभं केलं आणि मेयो जिंकला. माणसाने इतकं तरी हट्टी असावं.

त्याच जूनमध्ये इकडे आणखी एक खांदेपालट झाला होता. पंतप्रधान एन्डा केनी गेले आणि लिओ वराडकर आले. मालवणजवळच्या वराड गावचं नाव मराठी वर्तमानपत्रांत झळकलं ते तेव्हाच. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर आयर्लंड कोकणात विलीन झाल्यासारखं वातावरण होतं. मेयोवाल्यांचं दुःख वेगळं. केनी कॅसलबारचे, त्यांचे वडील हेन्री केनी 1936 च्या विजेत्या संघातले. म्हणजे मेयोच्या हातून गादी गेली ती थेट डब्लिनच्या आमदाराकडे. "सप्टेंबरमध्ये वसूल करू," असं शेजारच्या टेबलावरून मला सांगण्यात आलं. जणू वराडकरांच्या वतीने मीच जबाबदार.

17 सप्टेंबरला क्रोक पार्कवर समोर डब्लिन. ओळीने दोन वेळचे विजेते, लोकसंख्या अफाट, पैसा अफाट. फायनलची तिकिटं क्लबांमार्फत वाटली जातात, त्यामुळे माझ्यासारख्यासाठी पबमधला टीव्ही. दुसऱ्याच मिनिटाला कॉन ओ'कॅलहनने डब्लिनचा गोल केला. मध्यंतराला मात्र मेयो एका गुणाने पुढे! दुसऱ्या सत्रात डब्लिनच्या जॉन स्मॉलला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे तो बाहेर आणि मेयोला एक माणूस जास्त. पण नेमक्या त्याच क्षणी मेयोचा डोनी वॉन धावत जाऊन स्मॉलला धडकला आणि त्यालाही लाल कार्ड. मिळालेला फायदा स्वतःच्या खांद्याने परत करण्याची ही हातोटी फक्त मेयोचीच. ली कीगनने गोल केला, दोन गुणांची आघाडी झाली, पुसली गेली. 1-16, 1-16. जादा मिनिटांत किलियन ओ'कॉनरला फ्री किक मिळाली. चेंडू गोलपोस्टच्या खांबावर आपटून परत आला. ठण्ण असा आवाज मी ऐकला असं मला अजून वाटतं. पबमधल्या कोलाहलात तो ऐकू येणं शक्य नव्हतं.

मग दुसऱ्या टोकाला डब्लिनला फ्री किक मिळाली. डीन रॉक चेंडू ठेवून मागे सरला. आता बघा, खेळाडूंच्या बनियनमध्ये दोन खांद्यांच्या मधोमध एक छोटी जीपीएसची डबी असते. कोण किती पळाला ते ती मोजते. रॉक धावत चेंडूकडे निघाला आणि ली कीगनने आपली डबी काढून त्याच्या दिशेने भिरकावली. लागली नाही. चेंडू दांडीवरून गेला. डब्लिन 1-17, मेयो 1-16.

खिलाडूवृत्तीच्या पुस्तकात हे बसत नाही, मला ठाऊक आहे. पण चार महिने, दहा सामने, त्यातले दोन जादा वेळात आणि दोन फेरसामने खेळून झालेला माणूस, आधल्या वर्षीही एका गुणाने हरलेला, सगळे उपाय संपल्यावर खांद्यामागचं यंत्र उपसून फेकतो, यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. ते यंत्र तरी एवढ्या वर्षांत काय मोजत होतं!

शापाची एक गोष्ट इथे सांगायलाच लागते. 1951 चा विजयी संघ लॉरीतून मिरवत फॉक्सफर्डमधून गेला, वाटेत एक अंत्ययात्रा होती, पोरं थांबली नाहीत, पाद्रीबुवा संतापले आणि म्हणाले, यांतला एक जरी जिवंत असेल तोवर सॅम नाही. मेयोवाले ही गोष्ट मानत नाहीत आणि विसरतही नाहीत. 2020 ची फायनल कोविडमुळे डिसेंबरात, रिकाम्या मैदानावर झाली; डब्लिनकडून 2-14 ते 0-15 अशी हरली. 2021 ला उपांत्य फेरीत अखेर डब्लिनला लोळवलं आणि फायनल टिरोनकडून हरली, आकडे तेच, 2-14 ते 0-15. त्यानंतर थोड्याच दिवसांत 1951 च्या संघातले शेवटचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट वारले. म्हणजे शाप असलाच तर तो सुटला. तेव्हापासून मेयो फायनललाच पोचलेला नाही. 2024 मध्ये डेरीशी पेनल्टीवर बाहेर, 2025 मध्ये गटातच गारद. आता तक्रार करायला शापही राहिला नाही, ही खरी पंचाईत.

2026 च्या हंगामासाठी संघाची सूत्रं अँडी मोरनकडे आली आहेत, तोच बॅलहाडरीनचा. फायनल हल्ली जुलैच्या शेवटच्या रविवारी असते. माझा सहकारी जानेवारीत ऑफिसच्या सुट्ट्यांचा तक्ता आला की तो आठवडा न चुकता मोकळा ठेवतो. त्याची बायको केरीची. तीही ठेवते. फरक एवढाच, की 2022 आणि 2025 ला तिला तो आठवडा वापरावा लागला.