अध्यक्षताईंची पदरमोड

बचत गटाच्या वहीत एक रक्कम कधीच लिहिलेली नसते. ती असते अध्यक्षताईंनी स्वतःच्या खिशातून भरलेल्या हप्त्याची.

समजा बारा जणींच्या गटाने बँकेकडून २,४०,००० रुपये घेतले, ७ टक्के व्याजाने, २४ महिन्यांसाठी. महिन्याचा हप्ता साधारण १०,७५० रुपये, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ९०० रुपये येतात. हप्त्याच्या आदल्या रात्री कळतं की तिघींचे पैसे आलेले नाहीत. २,७०० रुपये कमी. अध्यक्षताई किराण्याच्या डब्यातून, नाहीतर कानातलं गहाण टाकून भर घालतात, आणि वहीत बाराही नावांपुढे 'जमा' लागतं. असे चार महिने गेले की १०,८०० रुपये होतात. घरी सांगितलं तर "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस" हे ऐकावं लागतं, म्हणून तिथेही गप्प.

नकार का देववत नाही? जिचा हप्ता थकला ती बाई बहुतेकदा परकी नसते. जाऊ असते, शेजारीण असते, पाणी भरताना रोज भेटणारी असते. शिवाय "ताई आहेत म्हणून गट आहे" हे कौतुक. ते मनापासून केलेलं असतं, तरी त्यानेच अध्यक्ष बाईचा गळा आवळला जातो. गट बुडाला तर आपण बुडवला, असं ती धरून चालते. खरं तर कर्ज गटाच्या नावावर असतं, करारावर सगळ्यांच्या सह्या असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १० लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण मागता येत नाही आणि गटाच्या बचत खात्यावर बोजाही चढवता येत नाही, म्हणजे त्यातले पैसे कर्जापोटी अडकवून ठेवता येत नाहीत. अध्यक्षपद म्हणजे जामीनकी नव्हे, हे प्रशिक्षणात ठळकपणे सांगितलंच जात नाही, याचा राग येतो.

पदरमोडीने गटाचं भलंही होत नाही. परतफेड कागदावर चोख दिसते, म्हणून पुढचं कर्ज आणखी मोठं मिळतं आणि ज्या तिघींना ९०० जड जात होते त्यांच्या वाट्याला १,५०० येतात.

मग तूट आली तर काय करायचं? ती गटासमोर आणायची. गटाच्या स्वतःच्या बचतीतून त्या तिघींच्या नावे ९००-९०० रुपयांचं अंतर्गत कर्ज टाकायचं, गटाच्या ठरलेल्या व्याजदराने. दर महिना २ टक्के असेल तर एकीला महिन्याला १८ रुपये व्याज पडतं. इतिवृत्तात ठराव, कर्ज खतावणीत नोंद, हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या. तूट तेवढीच, पण आता ती बारा जणींची आणि दिसणारी.

तूट आदल्या रात्री कळते याचं कारण वसुली शेवटच्या दिवसावर ढकललेली असते. बैठक आठवड्याला होत असेल तर प्रत्येकीकडून २२५ रुपये घ्या. कोण अडकणार ते तिसऱ्याच बैठकीत समजतं. कापूस-सोयाबीनच्या भागात जून-जुलैत बियाणं, खत आणि शाळेचा खर्च एकदम येतो, तेव्हाची तूट आधीच धरून ठेवावी.

हप्ता थकलेल्या बाईच्या घरी विचारायला अध्यक्षताईंनी एकटीने जाऊ नये. पाळीपाळीने दोघी जाव्यात आणि आधी कारण विचारावं. आजारपण असेल तर मुदत वाढवता येते, काम नसेल तर हप्ता लहान करता येतो, पण पैसे नवऱ्याने काढून घेतले असतील तर तिला हप्त्याच्या तगाद्याची नव्हे, ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, आधाराची गरज असते.

बँकेच्या फेरीचं भाडं आणि बुडालेली मजुरी गटाच्या खर्चात लिहा. बँकेला आणि ग्रामसंघाला दोन फोन नंबर द्या, नाहीतर प्रत्येक फोन एकीलाच येतो. कोऱ्या चेकवर सही करून ठेवणं तर आजच थांबवा. पदाधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलावेत, हे सगळ्यांना मान्य असतं, पण सह्या बदलायला ठराव, कागदपत्रं आणि बँकेच्या दोन-तीन खेपा लागतात. रोजगार कोण बुडवणार, म्हणून तीच बाई दहा वर्षं राहते.

अध्यक्षताई पदरमोड करतेय हे ओळखायचं कसं? सगळ्या वह्या तिच्याच घरी असतात. ती स्वतः कर्ज घेत नाही. आकडे मोठ्याने वाचणं तिने सोडलेलं असतं. हप्त्याच्या आठवड्यात तिला झोप नसते, आणि चिडचिड निघते ती घरच्या लेकरांवर.

आधीच भरून झालेले पैसे असतील तर महिना, नाव, रक्कम असा तक्ता करा आणि ग्रामसंघाच्या एखाद्या ताईंना बसवून बैठकीत वाचा. कोणीतरी म्हणेलच, "तुला भरायला कोणी सांगितलं होतं?" हे वाक्य फार लागतं. ते येणार हे धरूनच बसावं आणि उत्तर द्यायचं काम ग्रामसंघाच्या ताईंवर सोडावं. रक्कम ज्यांची त्यांनी किती हप्त्यांत परत करायची, याचा ठराव त्याच दिवशी करा. त्या बैठकीचं इतिवृत्त मात्र तिने लिहू नये. दुसरीच्या हातात पेन द्या.