शुभ शुक्रवारचे वक्ते आणि एक संमतीपत्र

गोव्यात वास्कोला असलेली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान. मिरज, कोल्हापूर, बेळगावकडून बंदरात आणि शिपयार्डात नोकरीला आलेली कुटुंबं, त्यांची मुलं, आता नातवंडं. पूर्णवेळ पाळक (पास्टर) नाही. एरवीचे रविवार आम्ही आपापसांत निभावून नेतो. पण शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी १२ ते ३ येशूनं क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांची उपासना असते, एकेका उद्गारावर एकेक संदेश, आणि तिला बाहेरून वक्ते आणायचेच, असं मी सेक्रेटरी झाल्यापासून धरून बसलोय. वर्षभर तेच ते आवाज ऐकणाऱ्या माणसांना त्या दिवशी तरी कुणीतरी नव्यानं बायबलमधलं वचन उलगडून सांगावं.

खरी अडचण अशी की नेमक्या त्याच तीन तासांत देशभरातले सगळे पाळक आपापल्या मंडळीत अडकलेले असतात. त्यामुळे सेवेत असलेल्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. निवृत्त पाळकांना विचारा, सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, शिकवणाऱ्यांना विचारा. पुण्यात सेमिनरी आहेत, आणि तिथल्या शिक्षकांना सणाच्या दिवशी स्वतःची मंडळी सांभाळायची असतेच असं नाही. यंदा सातांपैकी पाच उद्गार आमच्याच माणसांनी घेतले. उरलेल्या दोनांसाठी मिरजेकडचे एक निवृत्त पाळकसाहेब आणि पुण्याच्या एक शिक्षिका, दोघंही पहिल्याच फोनला हो म्हणाले. बाईंनी तर चौथा उद्गार स्वतःहून मागून घेतला, ‘एली, एली, लमा सबख्थनी’, म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ तो घ्यायला आमच्यातलं कुणी धजत नाही.

इथवर सगळं सुरळीत. मग पाळकसाहेब म्हणाले, “आमच्या चर्चच्या कार्यालयाचं संमतीपत्र तेवढं मागवून घ्या. पत्राशिवाय मी दुसऱ्यांच्या पुलपिटावर (व्यासपीठावर) उभा राहत नाही. सेवेत असताना राहिलो नाही, आताही राहणार नाही.” मला त्यांचं हे बोलणं मनापासून पटलं. कोण येतं, काय बोलतं, याची जबाबदारी कुणीतरी घ्यायलाच हवी.

मी विनंतीपत्र पाठवलं आणि वाट बघत बसलो. फोन केला की, “साहेबांच्या टेबलावर आहे.” पुन्हा फोन केला की, “साहेब दौऱ्यावर आहेत.” पुढे कळलं, ईमेल चालत नाही, लेटरहेडवर सही-शिक्क्याचं मूळ पत्र हवं. ते कुरियरनं पाठवलं. मग म्हणाले, पंच कमिटीचा ठराव जोडा. आमचे पंच रविवारच्या उपासनेनंतरच एकत्र भेटतात, एकाची बंदरात पाळी, एकाची बोटीवर. ठराव होऊन गेला, तेव्हा नवा प्रश्न आला: पाळकसाहेब प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा संस्कार) देणार आहेत का? शुभ शुक्रवारी आमच्याकडे प्रभुभोजन नसतंच, पण ते आमच्या पत्रात लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यावरून कागद परत.

मला राग याचा येतो की हे सगळं पहिल्याच फोनवर सांगता आलं असतं. नियमांना माझी हरकत नाही. पण प्रत्येक वेळी एकच अट सांगायची आणि माणसाला पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं करायचं, हे कशासाठी? तोवर लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू झालेला, म्हणजे सगळ्याच मंडळ्यांचे अर्ज तिथे येऊन पडलेले. इकडे पंच मला विचारत होते की पत्रिका छापायची की नाही. पाळकसाहेबांच्या नावाची ओळ रिकामी ठेवून मी छापखान्याला थांबवून ठेवलं.

शेवटी तिथल्याच एका वयस्कर कारकून बाईंनी फोन उचलला. “जय ख्रिस्त, दादा. कागद समोर घ्या, मी सांगते तसं लिहा,” म्हणाल्या. दिवस आणि वेळ. ‘फक्त वचनसेवेसाठी, कोणताही संस्कार देण्यासाठी नाही’ हे वाक्य. प्रवास आणि राहण्याचा खर्च मंडळीचा. खाली अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्या, सोबत ठराव. दुसऱ्या दिवशी पत्र तयार. निळ्या शाईचा शिक्का अर्धा सहीवर आलेला, तो कागद हातात पडला तेव्हा मी खरोखर देवाचे आभार मानले. ही चार कलमं तुम्ही पहिल्याच पत्रात घाला, पुढचं सगळं वाचेल.

तिकीट मात्र पत्रासाठी थांबवू नका. आता रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं. यंदा शुभ शुक्रवार ३ एप्रिलला होता, म्हणजे आदल्या दिवशीच्या गाडीचं १ फेब्रुवारीला. जोडून सुट्ट्या आल्या की अख्खा देश गोव्याला निघतो. मिरजेहून वास्कोपर्यंत थेट येणारी गोवा एक्सप्रेस आहे, आणि ज्येष्ठ माणसाला घाटातल्या बसपेक्षा ती बरी. पत्र आलंच नाही तर तिकीट रद्द करता येतं. राहायची सोय सभासदाच्या घरी करा, त्या दिवसांत हॉटेलचे दर मंडळीला झेपत नाहीत.

आणखी एक आठवलं. वक्त्यांना वेळ आधीच सांगा. तीन तासांत सात जण, मध्ये गीतं आणि प्रार्थना, म्हणजे प्रत्येकी २० मिनिटं, त्याहून जास्त नाही. बाहेरच्या पाहुण्याला मध्येच थांबवणं जिवावर येतं. बरेच वक्ते उपास धरून बोलतात, तेव्हा ३ नंतर कुणाच्या घरी जेवण आहे ते ठरलेलं असू द्या. प्रवासखर्च आणि मानधन वेगवेगळ्या पाकिटांत, निघण्यापूर्वी द्या, स्टेशनवर घाईत नको.

पाळकसाहेबांनी ‘पूर्ण झाले आहे’ वर संदेश दिला. आमच्या मागच्या बाकांवरची कॉलेजची पोरं, जी एरवी पहिल्या तासातच बाहेर पडतात, ती ३ वाजेपर्यंत बसून राहिली. पुढच्या वर्षी शुभ शुक्रवार २६ मार्चला, आणखी लवकर येतोय. विनंतीपत्र मी नाताळाच्या आधीच पाठवणार आहे.