तुम्ही विचारलंत म्हणून: कर वाढवणाऱ्या पक्षाला लोक मत का देतात?

निवडणूक जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो: "जो पक्ष उघड उघड कर वाढवतो, त्याला शहाणा माणूस मत का देईल?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक दोन उत्तरं तयार असतात. एक, मतदाराला हिशेब कळत नाही. दोन, कर दुसराच कोणी भरणार असतो. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे, पहिल्यात मला अजिबात दिसत नाही. मतदार हिशेब करतो, पण तो कराच्या दरापाशी थांबत नाही. भरणार कोण, पैसा जाणार कुठे आणि कर नाही वाढला तर काय बंद पडेल, हेही तो बघतो.

आधी घरचं उदाहरण. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याच्या पगारपत्रकात 'पी.टी.' म्हणून दरमहा 200 रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत 300. वर्षाचे होतात 2500. हा व्यवसाय कर. त्याचा कायदा 1975 चा आणि तो आणला गेला रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. योजनेची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, पहिला प्रयोग झाला सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात. 1972 च्या दुष्काळात ऐन उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसं सरकारी कामांवर होती, खडी फोडत, माती वाहत. दुष्काळ सरला तरी कोरडवाहू गावातल्या मजुराचा उन्हाळा काही सरत नाही, म्हणून ही हमी कायमची करायचं ठरलं. मग प्रश्न आला, पैसा कोण देणार?

उत्तर असं निघालं की मुख्य भार शहरातल्या पगारदाराने, व्यापाऱ्याने, डॉक्टर-वकिलाने उचलायचा आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून बीडच्या मजुराची मजुरी. अशा कराविरुद्ध शहरं पेटून उठायला हवी होती. तसं झालं नाही, याची कारणं कराच्या रचनेतच आहेत.

रक्कम छोटी होती आणि तिला घटनेचीच मर्यादा होती: अनुच्छेद 276 प्रमाणे तेव्हा वर्षाला कमाल 250 रुपये. हेतू एकच होता आणि तो सांगायला एक वाक्य पुरत होतं. शिवाय दुष्काळात गावं उठून शहराकडे येतात हे शहराने नुकतंच पाहिलं होतं, त्यामुळे गावात काम निघणं हे शहराच्याही सोयीचं होतं. गावाकडचा हिशेब तर याहून पक्का. प्रौढ माणसाने कामाची लेखी मागणी केली की 15 दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. मजुराला हजेरीपटावर नाव मिळालं. पण पाझर तलाव, नालाबंडिंग, शिवाररस्ते यांचा फायदा जमीन असलेल्यांना झाला. 1990 पासून फळबाग लागवड योजनेला जोडली गेली आणि आंबा-काजूची, डाळिंब-सीताफळाची झाडं शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात उभी राहिली. मजूर आणि बागायतदार एरवी मजुरीच्या दरावरून भांडतात. या खर्चावर मात्र दोघांचं एकमत होतं.

या एका करामुळे कोणी निवडणूक जिंकलं असं मी म्हणणार नाही. पण हे बघा: योजना सुरू झाली वसंतराव नाईकांच्या काळात, कर आला शंकरराव चव्हाणांच्या काळात, आणि रोजगार हमीचा स्वतंत्र कायदा अमलात आला 26 जानेवारी 1979 रोजी, तेव्हा पुलोदचं, म्हणजे शरद पवारांच्या आघाडीचं, सरकार होतं. सत्ता बदलली तरी कर रद्द करायला कोणी पुढे आलं नाही.

मतदार थेट कराच्याच प्रश्नावर मत देतो अशीही एक जागा आहे, अमेरिकेतलं कॅलिफोर्निया. 2012 मध्ये तिथले डेमोक्रॅट राज्यपाल जेरी ब्राउन यांनी 'प्रस्ताव 30' मतदारांपुढे ठेवला. विक्रीकर पाव टक्क्याने वाढणार, चार वर्षांसाठी. अडीच लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर जादा प्राप्तिकर, सात वर्षांसाठी. प्रस्ताव पडला तर काय होईल हे मोघम ठेवलं नव्हतं. सुमारे 6 अब्ज डॉलरची कपात, मुख्यतः शाळांवर, आधीच अंदाजपत्रकात लिहून ठेवली होती. सुमारे 55 टक्के लोकांनी होकार दिला.

यातला प्राप्तिकराचा भाग जवळून बघण्यासारखा आहे, कारण इथेच लोकांचा सर्वाधिक गोंधळ होतो. 2,60,000 डॉलर कमावणाऱ्या एकट्या माणसाला जादा कर किती लागला? जादा दर होता 1 टक्का, पण तो फक्त अडीच लाखांच्या वरच्या 10,000 डॉलरवर. म्हणजे वर्षाला 100 डॉलर. वाढीव दर अख्ख्या उत्पन्नावर बसतो असं धरलं तर हाच आकडा 2,600 दिसतो, आणि विरोधातला प्रचार नेहमी याच गैरसमजावर चालतो. आपल्याकडे प्राप्तिकराचे टप्पे बदलले की चहाच्या टपरीपासून ऑफिसपर्यंत हीच चूक ऐकू येते.

दुसरी गोष्ट खर्चाची. पैसा वेगळ्या खात्यात जाईल, प्रशासकीय खर्चाला वापरता येणार नाही, आणि प्रत्येक शाळा-मंडळाने तो कशावर खर्च करायचा हे खुल्या बैठकीत ठरवून हिशेब संकेतस्थळावर टाकायचा, अशी अट प्रस्तावातच होती. 2016 मध्ये श्रीमंतांवरचा जादा प्राप्तिकर 2030 पर्यंत वाढवायचा का, असं पुन्हा विचारलं, तेव्हाही लोकांनी होच म्हटलं. विक्रीकरातली वाढ मात्र दिलेल्या शब्दाप्रमाणे मुदतीला संपू दिली. मुदत पाळली गेली की पुढचा कर मागणं सोपं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रिटनमध्ये दोन्ही बाजू दिसतात. 1990 मध्ये इंग्लंडमध्ये पंतप्रधान थॅचरबाईंच्या सरकारने घरपट्टीऐवजी डोईपट्टी आणली. एका गावात बंगलेवाला आणि कामगार यांना जवळपास सारखीच रक्कम. लोक रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. 1991 मध्ये त्यांच्याच पक्षाने व्हॅट 15 वरून साडेसतरा टक्क्यांवर नेला, त्यातून प्रत्येकाच्या डोईपट्टीतून 140 पौंड कमी केले, आणि 1992 ची निवडणूक जिंकली. बाकीही कारणं होती, पण व्हॅट वाढवल्याने पक्ष बुडाला नाही एवढं खरं. पुढे मजूर पक्षाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी 2002 मध्ये राष्ट्रीय विम्याची (पगारातून कापली जाणारी) वर्गणी एक टक्क्याने वाढवली आणि पैसा सरकारी आरोग्यसेवेला देणार असं सांगितलं. 2005 मध्ये त्यांचा पक्ष तिसऱ्यांदा निवडून आला, बहुमत घटलं तरी. ज्या दवाखान्यात बिल भरावं लागत नाही, त्याच्यासाठी वर्गणी वाढली हे तिथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

बिघडतं ते बहुतेक वेळा वसुलीनंतर. रोजगार हमीचा जमलेला पैसा कित्येक वर्षी पूर्ण खर्चच झाला नाही, आणि कामाची मागणी असूनही कामं निघाली नाहीत अशा तक्रारी गावोगाव होत्या. केंद्राच्या शिक्षण उपकराचंही (कराच्या रकमेवर लागणारा जादा कर) तसंच. 2007 मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी 1 टक्का उपकर सुरू झाला, पण त्यासाठीचा स्वतंत्र निधी मंजूर व्हायला 2017 उजाडलं, आणि कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, त्यावर बोट ठेवलं. उपकरात राज्यांना वाटा मिळत नाही, हेही इथे लक्षात ठेवायला हवं. ज्याने एकदा असा अनुभव घेतला, तो पुढच्या वेळी चांगल्या कामासाठीच्या करालाही नाही म्हणतो. मला याचंच सर्वात जास्त वाईट वाटतं.

व्यवसाय कराचं दुखणं वेगळं. 1988 च्या घटनादुरुस्तीने कमाल मर्यादा 2500 रुपये झाली, ती आजही तेवढीच आहे. 1988 चे 2500 आणि आजचे 2500 यांत केवढा फरक! महिना 11,000 कमावणारा पुरुष वर्षाला 2500 भरतो आणि महिना 5 लाख कमावणाराही तेवढेच. (2023 पासून महिना 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे, हे चांगलं झालं.) सुरुवातीला मर्यादेमुळे हा कर लोकांनी सोसला, आता त्याच मर्यादेमुळे तो खालच्या माणसाला जास्त जड जातो.

करमाफीचं आश्वासनही याच नजरेने वाचा. 2019 मध्ये मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करमाफी जाहीर झाली, पण माफ झाला तो फक्त सर्वसाधारण कर. बिलातले बाकीचे कर आणि उपकर तसेच राहिले, म्हणून लोकांच्या हाती बिलं येतच राहिली; पूर्ण माफीचा निर्णय व्हायला 2022 उजाडलं.

तेव्हा उमेदवार दारात आला तर त्याला दर विचारू नका. वाढीव दर कोणत्या टप्प्याच्या वर लागणार, किती वर्षांसाठी, पैसा कोणत्या खात्यात जाणार आणि ते खातं कोण तपासणार, हे विचारा. माफी देणाऱ्याला विचारा की घटलेल्या उत्पन्नाची भरपाई कोणत्या शीर्षकाखाली दाखवणार. मग पालिकेचं अंदाजपत्रक उघडा. त्यात पुढच्या वर्षाचा अंदाज आणि चालू वर्षाचा सुधारित अंदाज यांच्याबरोबर मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्चही असतो. वाचायला सुरुवात त्या प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यापासून करा.