लेझीमपायी मोडलेला पाय आणि साठ दिवसांची रजा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला गणित शिकवतो, कोरेगाव तालुक्यात. घर साताऱ्यात, रोज गाडीवर जाऊन येऊन. पायाचं ऑपरेशन होऊन आता बरेच दिवस झाले पण अजूनही ओळखीचा कोणी पायाला प्लास्टर घेऊन बसला की मला फोन येतो, सर तुम्ही काय केलं होतं, कधी चालायला लागला, कामावर कधी गेला. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकतो.

2 ऑगस्ट 2023, बुधवार. पंधरा ऑगस्टची लेझीम बसवत होतो. मैदान ओलं, गवत घोट्यापर्यंत आलेलं. पोरांना पीछे फलांग जमत नव्हता, म्हणून म्हटलं बघा रे माझ्याकडे, आणि हलगीच्या ठेक्यावर मागं उडी मारली ती नेमकी गवतात लपलेल्या दगडाच्या कडेवर. डावा पाय आतल्या बाजूला दुमडला, बाहेरच्या कडेला सगळं वजन आलं आणि कट् असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. पोरं हसली, मीही हसलो, कारण पडलो नव्हतो. लंगडत वर्गात गेलो, दोन तास घेतले, गाडी चालवत घरी आलो. संध्याकाळी बूट काढला तेव्हा करंगळीच्या मागची बाजू वांग्यासारखी झाली होती, रंगानं पण.

इथून पुढचे आठ दिवस माझ्या मूर्खपणाचे. आई म्हणाली मुरगळलाय, आंबेहळदीचा लेप लावला. शेजारच्या काकांनी पाय चोळणाऱ्याचा नंबर दिला, त्यानं येऊन असा काही चोळला की मला पंख्याची पाती मोजता येत होती. कोणी म्हणालं पायाळू माणूस बघा. अहो पायाळू उसणीवर, हाडावर नाही! त्यात नेमका अधिक महिना चालू, रविवारी सासुरवाडीला धोंड्याचं जेवण, जावई लंगडत आला म्हटल्यावर प्रत्येकानं माझा पाय हातात घेऊन दाबून बघितला आणि आपापलं निदान सांगितलं. अनारसे मात्र चांगले होते. शेवटी बायकोच म्हणाली, अहो, तुम्ही आता टाचेवर चालताय, बघितलंय का स्वतःला? उद्या एक्सरे काढायचा, नाहीतर मी येत नाही तुमच्याबरोबर कुठं. उद्या म्हणता म्हणता तीन दिवस घालवले आणि गुरुवारी 10 तारखेला गेलो.

एक्सरेत करंगळीच्या मागचं जे लांब हाड असतं, पाचवं मेटाटार्सल, ते बुडाजवळ आडवं तुटलेलं. डॉक्टर म्हणाले हे जोन्स फ्रॅक्चर. हाडाच्या अगदी टोकाचा तुकडा निघाला असता तर बूट घालून सहा आठवड्यात जमलं असतं, पण तुमचं दीड-दोन सेंटिमीटर पुढं तुटलंय आणि तिथं रक्तपुरवठा कमी. मला नीट कळेना म्हणून त्यांनी विचारलं, शेती आहे का? म्हटलं थोडी आहे. मग म्हणाले, धोम धरणाच्या कॅनॉलच्या टेलला, अगदी शेवटच्या टोकाला ज्याचं रान असतं त्याला पाणी कसं मिळतं? तसंच. दोन्हीकडून रक्त येतं पण या जागेला येईस्तोवर संपतं. प्लास्टर घालून पाय अजिबात न टेकता दीड-दोन महिने बसलं तरी जुळेलच याची खात्री नाही, आणि तुम्ही तर आठ दिवस चालून फट वाढवून आणलीय, स्क्रू टाकलेला बरा. चोळून घेतल्याचं सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून ठेवला.

नंतर पडल्या पडल्या मोबाईलवर वाचलं तर हा जोन्स म्हणजे रॉबर्ट जोन्स, लिव्हरपूलचा सर्जन, आणि त्यानं 1902 साली या फ्रॅक्चरवर लेख लिहिला तो स्वतःचाच पाय नाचताना मोडला म्हणून! हे वाचून मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. तो नाचताना, मी लेझीम खेळताना. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, तो लगेच दवाखान्यात गेला असेल.

ऑपरेशन शनिवारी 12 तारखेला झालं. कमरेत इंजेक्शन देतात, कंबरेखालचं सगळं बधिर, आपण जागे. आधी डाव्या पायावर पेनानं बाण काढला, ते बघून धीर आला. पडद्याच्या पलीकडे ड्रिलचा आवाज येत होता, आमच्या गल्लीत फर्निचरचं काम चालतं अगदी तसा, आणि मधेमधे डॉक्टर म्हणायचे शूट, की एक्सरेचं मशीन टिक करायचं. अर्धा-पाऊण तासात झालं. हाडाच्या पोकळीत लांबीला एक स्क्रू, बाहेरून जखम जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी. संध्याकाळी बधिरपणा उतरला आणि मग खरं दुखणं कळलं. पहिल्या रात्री मी भिंतीवरच्या घड्याळाशी भांडत होतो.

घरी आल्यावर मुख्य काम एकच, पाय वर. वर म्हणजे स्टुलावर नाही, आडवं पडून छातीच्याही वर, तीन उशा घालून. मी हुशारी करून पाय खाली सोडून टीव्ही बघत बसलो तर दहा मिनिटांत स्लॅबच्या, म्हणजे पट्टीनं बांधलेल्या अर्ध्या प्लास्टरच्या आत पाय जळायला लागला, बोटं जांभळी. पुन्हा नाही केलं ते. पोटरी दुखली किंवा सुजली तर लगेच फोन करा, वाट बघू नका, हेही बजावून सांगितलं होतं, रक्ताची गाठ होऊ शकते म्हणून. व्हिटॅमिन डी तपासलं, ते तळाला, मग आठवड्याला एक साठ हजार युनिटची पुडी दुधातून.

आणि आता जे कोणी सांगत नाही ते. संडास. आमच्याकडे भारतीय पद्धतीचा, एक पाय टेकवायचा नाही म्हटल्यावर करणार काय? मेडिकलवाल्याकडून कमोडची खुर्ची भाड्यानं आणली. ऑपरेशनच्या आधी आणून ठेवा, मी ऑपरेशन झाल्यावर आणली, त्या मधल्या दिवसाबद्दल काही लिहीत नाही. अंघोळीला प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं, दुसऱ्या स्टुलावर पाय, त्याला मोठी पिशवी आणि वर चिकटपट्टी. वॉकर घेतला तर आमच्या जुन्या घराला प्रत्येक खोलीला उंबरा. वॉकर उंबऱ्यापलीकडे ठेवायचा, हातावर भार घ्यायचा, उजव्या पायानं लंगडी घालायची. लहानपणी लंगडीत आऊट व्हायचो, आता घरात चॅम्पियन. पंधरा ऑगस्टला पोरांनी व्हिडिओ कॉल लावून लेझीम दाखवली, नेट लटकत होतं, त्यामुळं पीछे फलांग जमला का ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

26 ऑगस्टला टाके काढले, स्लॅब जाऊन काळा वॉकर बूट आला, पण पाय टेकवायचा नाहीच. पट्टी निघाल्यावर तो पाय माझा वाटेना. कातडी सोललेल्या अळूच्या कांद्यासारखी, पोटरी गायब. शिंप्याची टेप घेऊन मोजली, उजवी 36 सेंटिमीटर, डावी साडेतेहतीस. करंगळी आणि पायाची बाहेरची कड बधिर, हात लावला की दुसऱ्याच्या पायाला लावतोय असं वाटायचं. घाबरून विचारलं तर म्हणाले तिथून एक संवेदनेची नस जाते, ती जखमेच्या जागेजवळ असते, हळूहळू येईल. आलं, पण सगळं नाही, करंगळीचं टोक अजून थोडं मुकंच आहे.

9 सप्टेंबरपासून बूट घालून थोडं थोडं वजन द्यायला सांगितलं. थोडं म्हणजे किती? मी गणिताचा माणूस, मला आकडा पाहिजे. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी छान युक्ती सांगितली, वजनकाटा जमिनीवर ठेवा, वॉकर धरून उभे राहा, डावा पाय काट्यावर ठेवून काटा 10 वर येईस्तोवर दाबा, ते पायाला लक्षात ठेवायला लावा, मग तेवढ्याच जोरानं चाला. माझं वजन 78. तीन दिवसांनी 20, मग 30, असं करत मी वहीत तक्ता केला. 40 च्या पुढं काटा जायला लागला तेव्हा भीती वाटायची की आत काहीतरी पुन्हा कट् करणार. तसं काही झालं नाही, पण तो आवाज कानात बसला होता. बोटांनी टॉवेल गोळा करणं, गोट्या उचलून वाटीत टाकणं, हवेत पायाच्या अंगठ्यानं अ आ इ लिहिणं हे सगळं केलं, ज्ञ काढताना घोटा सगळ्यात जास्त फिरतो हे माझं स्वतःचं संशोधन. जिन्याचं सूत्र: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे मी एकदा उलटं केलं आणि बायकोच्या अंगावर गेलो.

19 तारखेला गणपती बसले. आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीत बसून आरती केली. 23 ला, म्हणजे सहा आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी एक्सरे काढला, फट भरत आलेली. डॉक्टर म्हणाले दोन आठवडे अजून बुटात चाला, मग जॉईन व्हा.

आता रजेचं. आजारपणासाठी आम्हाला अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस जमा होते, ती मेडिकल सर्टिफिकेटवर परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, फक्त एक दिवस घेतला की खात्यातून दोन वजा. 10 ऑगस्ट ते 8 ऑक्टोबर, 60 दिवस, म्हणजे 120 गेले. मधले रविवार, गणपती, सगळं त्यात मोजलं जातं. माझी सतरा वर्षांची नोकरी आणि आधी फार रजा घेतली नव्हती म्हणून निभावलं. ज्याची नोकरी नवीन आहे त्यानं हा हिशोब पहिल्या दिवशी करावा. अर्ज मी केंद्रप्रमुखांमार्फत पाठवला, तो वरच्या ऑफिसात कुठल्या तरी फायलीखाली गेला आणि सप्टेंबरचा पगार अडकला, कारण विचारल्यावर उत्तर आलं की सर्टिफिकेटवर शिक्का पुसट आहे. पुसट शिक्क्यासाठी वॉकर घेऊन दोन चकरा. फिटनेस सर्टिफिकेट घेताना मी स्वतः शिक्का उजेडात धरून बघितला. त्यावर डॉक्टरांकडून एक ओळ मुद्दाम लिहून घेतली, सहा आठवडे जास्त वेळ उभं राहणं आणि जिने टाळावे. ही ओळ नसती तर मी तोंडानं मागायला लाजलो असतो.

कारण माझा वर्ग वरच्या मजल्यावर होता. सोमवारी 9 ऑक्टोबरला जॉईन झालो, मुख्याध्यापिका मॅडमनी ती ओळ वाचली आणि काही न बोलता तिसरीचा वर्ग वर, माझी सातवी खाली केली. तिसरीची पोरं वर जायला मिळालं म्हणून नाचत गेली. माझा प्रॉब्लेम वेगळाच होता, मी सतरा वर्षांत कधी बसून शिकवलं नाही. खुर्चीत बसून गणित शिकवणारे मास्तर मला आवडायचे नाहीत, हे मी स्टाफरूममध्ये बोललोही होतो, आता सगळ्यांना आठवत असणार. पहिल्या दिवशी हट्टानं परिपाठाला उभा राहिलो, दोन तास फळ्यापाशी उभा राहिलो, खिचडीच्या रांगेवर उभा राहिलो आणि तीन वाजता मोजा खाली केला तर घोट्यावर मोज्याचा वळ बोटाच्या पेराएवढा खोल. दुसऱ्या दिवशी गपचूप खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर पाय. फळ्यावर लिहायला एक मुलगी नेमली, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे हे वर्गानं लगेच जाहीर केलं. आणि एक झालं, बसून बघितलं तर मागच्या बाकावरचे दोघं वहीत नुसत्या रेघा मारतात हे मला पहिल्यांदा दिसलं, उभा असताना मी त्यांच्या डोक्यावरून फळ्याकडे बघत असायचो.

अजून एक अडचण म्हणजे आमच्याकडे वर्गात चपला-बूट बाहेर काढून जातात. अनवाणी शहाबादी फरशीवर पाय ठेवला की स्क्रूच्या जागी गार सुई टोचल्यासारखं. म्हणून रुंद पुढच्याचे, कडक तळव्याचे स्पोर्ट शूज एक नंबर मोठे घेतले आणि ते फक्त वर्गात घालायचे ठेवले. पहिलीतल्या एकानं विचारलं, सर तुम्हाला कोण काही बोलत नाही का? त्याला एक्सरेचा फोटो दाखवला. त्यानंतर आठवडाभर मधल्या सुट्टीत माझ्यापुढं रांग, स्क्रू बघायला.

गाडी लगेच चालवली नाही. पहिले पंधरा दिवस जाताना एका सरांच्या मागे बसून आणि येताना एसटीनं, एसटीची पहिली पायरी किती उंच असते हे पाय मोडल्याशिवाय कळत नाही. दहा आठवड्यांनंतर परवानगी मिळाली तेव्हा कळलं की गिअर डाव्या पायानं, सिग्नलला टेकवायचा पायही डावाच. मोकळ्या मैदानावर आधी बंद गाडीवर, मग चालू गाडीवर सराव केला, पुतण्या मागे धावत होता, सायकल शिकवतात तसा. दिवाळीपर्यंत नीट जमायला लागलं.

दगड पोरांनी मी रजेवर असतानाच उकरून काढला होता. आता तो सातवीच्या दाराला लावायला आहे, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. स्क्रू आत आहे, त्रास दिला तरच काढायचा. थंडीत सकाळी पहिली दहा पावलं जरा जपून पडतात. 26 जानेवारीच्या लेझीमला पोरांबरोबर उतरलो, पवित्रा, आगे फलांग सगळं केलं. पीछे फलांगला मात्र मी बाजूला होतो आणि शिट्टी वाजवतो.