अठ्ठावन्नची बरणी

आमच्या इंडियानातल्या शनिवारच्या जुन्या बाजारात एका टेबलावर ती निळसर बरणी दिसली. अंगावर काचेतच उठवलेली अक्षरं होती : 'मेसन्स पेटंट, नोव्हेंबर ३०, १८५८'. आपल्याकडे कंपनी सरकार गेलं आणि राणीचा जाहीरनामा वाचला गेला, तोच महिना! मी घासाघीस केली खरी, पण जीव कुठे थाऱ्यावर होता? पंचवीस डॉलर मोजले आणि बरणी तान्ह्या बाळासारखी घरी आणली.

रात्री वाचायला बसले आणि तोंड पाडून उठले. ती तारीख बरणीची नाहीच, झाकण फिरवून बसवायच्या आट्यांच्या तोंडाची. जॉन लँडिस मेसनला त्या दिवशी त्याचं पेटंट मिळालं. पुढे मुदत संपली तरी जो तो काचकारखानदार तीच तारीख छापत राहिला, थेट विसाव्या शतकापर्यंत. मिठाईच्या दुकानावर 'स्थापना १९३२' असतं म्हणून आतला पेढा काही तेव्हाचा नसतो. मेसनच्या हाती यातलं फारसं काही लागलं नाही. १९०२ साली तो गरिबीतच गेला.

वय सांगतो तो बरणीचा काठ. हाताने फुंकलेल्या बरणीची वरची जादा काच तोडून काठ घासत, म्हणून तो बोटाला खरखरीत लागतो, कुठे बारीक टवकेही असतात. यंत्रातून निघालेल्या बरणीचा काठ गुळगुळीत. माझ्या बरणीवरून बोट असं फिरलं, जणू लोण्यावरून.

आमच्याच राज्यातल्या मन्सी गावात बॉल बंधूंनी नैसर्गिक वायूच्या ओढीने कारखाना थाटला आणि निळ्या बरण्यांचा पूर आणला. वाळू यायची मिशिगन सरोवराच्या काठावरून. तिथे 'हूजियर स्लाइड' नावाची वाळूची टेकडी होती, जवळजवळ दोनशे फूट उंच. काचवाल्यांनी ती उपसून उपसून सपाट केली. अख्खी टेकडी लोकांच्या फडताळांत जाऊन बसली! एवढ्या बरण्या निघाल्या, की निळ्या रंगाला आज दहा-पंधरा डॉलरच्या वर सहसा कुणी विचारत नाही. भाव खातात त्या तपकिरी आणि गडद निळ्या. जांभळीपासून मात्र जपावं. मँगनीज घातलेली बिनरंगी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. काही लबाड व्यापारी किरणांचा मारा करून तिला वांग्याचा रंग आणतात. बुडावरच्या १३ आकड्याचंही तसंच. अशुभ म्हणून लोकांनी त्या बरण्या फोडल्या, तेव्हा उरलेल्या दुर्मिळ, असं सांगून पैसे उकळतात. तो असतो नुसता साच्याचा नंबर.

आई तेव्हा माझ्याकडे आली होती. हे सगळं पुराण तिने ऐकून घेतलं आणि बरणीत हात घालून पाहिला.

"हात जात नाही गं आत. लोणचं काढायचं कसं?"

मग तिने झाकण उलटं केलं. जस्ताच्या झाकणाला आतून पांढऱ्या काचेची चकती बसवलेली. ही बॉइड नावाच्या माणसाची १८६९ सालची युक्ती, आतला पदार्थ धातूला लागू नये म्हणून.

"म्हणजे कळकू नये म्हणून," आई म्हणाली. त्या अख्ख्या बरणीतली तेवढी एक गोष्ट तिला पटली. झाकणावर विश्वास मात्र बसला नाही. तिने लिंबाचं लोणचं भरलं, माझ्या जुन्या सुती ओढणीचा तुकडा फाडून दादरा बांधला आणि बरणी खिडकीतल्या उन्हात ठेवली. झाकण ड्रॉवरमध्ये गेलं.

"रोज हलवत जा," असं बजावून ती परत गेली.

निळी काच उन्हाने जांभळी होत नाही, हेही मी वाचून ठेवलंय. तरी रोज बरणी हलवताना एकदा बघते. काच आहे तशीच आहे. लिंबं तांबूस व्हायला लागलीत.