करदंट, दाढ आणि आप्पांची चंची

आईनं निपाणीहून पाठवलेल्या पार्सलात गोकाकचा करदंट होता. त्याच्या दुसऱ्याच घासाला माझी डावीकडची खालची दाढ उभी चिरली. करदंट म्हणजे तळलेला डिंक, गूळ आणि सुकामेवा. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. त्या दाढेचं रूट कॅनाल मी लीड्सला येण्याआधी बेळगावात करून घेतलं होतं. "कॅप बसवून घ्या, नाहीतर फुटेल," असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं आणि व्हिसाच्या गडबडीत मी ते टाळलं होतं. रूट कॅनाल झालेली दाढ आतून बरीच कोरलेली असते. वर कॅप नसेल तर एखाद्या दिवशी सरपणासारखी फाटते, आणि चीर हिरडीखाली मुळापर्यंत गेली की मग ती काढण्यावाचून इलाज नाही.

इंग्लंडात दाताचा डॉक्टर मिळवणं हे दात काढण्यापेक्षा अवघड. इथली सरकारी आरोग्यसेवा फुकट, असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. साध्या डॉक्टरला दाखवणं फुकट आहे; दातांचे मात्र बहुतेक मोठ्या माणसांना पैसे पडतात. २०२४ साली माझ्या कामाला ७३.५० पौंड लागले. तपासणी, एक्स-रे आणि दाढ काढणं, सगळं त्यात. खाजगीपेक्षा हे कितीतरी स्वस्त, म्हणून तर रांग. सात दवाखान्यांनी "नवे पेशंट घेत नाही" म्हणून फोन ठेवला. आठव्यानं तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. निपाणीत सकाळी दुखलं तर संध्याकाळी खुर्चीत बसता येतं, याची किंमत मला त्या तीन आठवड्यांत कळली. आईनं फोनवरून लवंग धरायला सांगितली. थोडा वेळ बरं वाटायचं. आत्यानं तंबाखूची चिमूट धरायला सांगितली. निपाणीचं माणूस, दुसरं काय सांगणार?

खुर्चीत बसल्यावर पहिली अडचण भाषेची. नेमकं कसं दुखतं, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. आता ठणका वेगळा, कळ वेगळी, सणक वेगळी, शिवशिवणं वेगळं. चावलं की सणक जाते आणि रात्री आडवं झालं की ठणकतं, हे मला इंग्रजीत सांगताच येईना. शेवटी हाताची मूठ उघडझाप करून ठणका दाखवला. त्या हसल्या, पण त्यांना समजलं.

मग एक लांबलचक फॉर्म. रोजच्या गोळ्या कोणत्या, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का, हाडांसाठी कधी इंजेक्शनं घेतली का, सिगारेट ओढता का, तंबाखू चघळता का. शेवटच्या प्रश्नाला मी "नाही" लिहिलं आणि गावाचं नाव आठवून हसू आलं. आमच्या तालुक्यात तंबाखूवर घरं उभी राहिलीत, मुलं शिकलीत, १९८१ साली भावासाठी शेतकरी हायवेवर येऊन बसले होते. माझी शिक्षणाची फीही त्यातूनच आली.

आता प्रत्यक्ष काढणं. पहिली गोष्ट म्हणजे उपाशी जायचं नाही. पूर्ण भूल देऊन झोपवणार असतील तर गोष्ट वेगळी, ते तसं सांगतात. पण नुसतं इंजेक्शन देऊन काढायची असेल तर व्यवस्थित जेवून जा, कारण रिकाम्या पोटी माणूस दाढेमुळे नाही, घाबरून चक्कर येऊन पडतो. दुसरं इंजेक्शनचं. सुई टोचल्याचं कळतं, आणि पुढं मिनीटभर छाती धडधडू शकते. भुलेच्या औषधात भूल जास्त वेळ टिकावी आणि रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, हा त्याचा परिणाम. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि मी हार्ट ॲटॅकच्या तयारीत बसले होते. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागे, मुख्य नसेपाशी भूल देतात. पाचदहा मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ आपली राहत नाही. आरशात बघितलं तर ओठ जागेवरच असतो, आपल्याला तो भाकरीएवढा वाटतो.

भुलेनं दुखणं जातं, दाब जात नाही. हे वाक्य लक्षात असेल तर निम्मी भीती कमी होते. कुणीतरी जबडा ढकलतंय, खांद्याचा जोर लावतंय, हे सगळं कळत असतं आणि तरी दुखत नसतं. खरोखर टोचल्यासारखं दुखलं तर हात वर करायचा, ते थांबतात, आणखी भूल देतात. सोसून दाखवल्याबद्दल कुणी नारळ देत नाही.

आणि दात "उपटत" नाहीत. गोठ्यातली जुनी मेख कशी काढतात? सरळ ओढली तर येत नाही, इकडंतिकडं हलवून आधी भोक सैल करावं लागतं. तसंच. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतू असतात. चपट्या टोकाच्या हत्यारानं ते तोडत, हाडाचा खड्डा रुंदावत नेतात, आणि पक्कड येते ती अगदी शेवटी. कर्र्र आवाज होतो. हाडातून येतो म्हणून आपल्याला तो जरा जास्तच मोठा ऐकू येतो. माझी दाढ फुटकी असल्यामुळे त्यांनी दोन मुळं ड्रिलनं वेगळी केली आणि एकेक काढली. पंचवीस मिनिटं लागली. एका मुळाचा पुढचा दात असता तर पाच मिनिटांत मोकळी झाले असते.

नंतर घट्ट चावून धरायला कापडाचा बोळा, हातात एक छापील कागद, आणि गोळ्या कोणत्या? नुसती पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन. आईला हे अजिबात पटलं नाही. "अँटिबायोटिक नाही? एवढे पैसे घेऊन?" जंतुसंसर्ग नसेल तर इथं ते देत नाहीत. आपल्याकडे मात्र पाच दिवसांचा कोर्स मिळाला नाही तर डॉक्टर कच्चा वाटतो.

काढणं ही सोपी बाजू. सांभाळायचे असतात ते पुढचे चार दिवस, आणि त्या चार दिवसांत सांभाळायची असते रक्ताची एक गुठळी. खड्ड्यात रक्त गोठून जी खपली धरते तिच्याखालीच सगळं भरून येतं. म्हणून पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉनं ओढून काही प्यायचं नाही. लाळेत रक्त मिसळलं की थेंबाचं भांडंभर दिसतं. घाबरायचं नाही, गिळायचं. ते थांबतच नसेल तर स्वच्छ ओला बोळा वीस मिनिटं दाबून धरायचा, मध्ये मध्ये उघडून बघायचं नाही, आणि तरीही थांबलं नाही तर डॉक्टर गाठायचा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हळू चूळ. सूज दुसऱ्यातिसऱ्या दिवशी जास्त असते, त्याचं नवल वाटून घेऊ नये. मी पेज, ताकभात आणि थंड दही यांवर दिवस काढले. चिरमुरे आणि शेंगदाण्याची चटणी डोळ्यांसमोर नाचत होती, पण असले कण नेमके खड्ड्यात जाऊन बसतात.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आप्पा, माझे वडील. डिसेंबरात घरी गेले तेव्हा त्यांची उजवी दाढ हलत होती आणि ते डाव्या बाजूनं जेवत होते. हा प्रकार किती महिने चालू होता ते आईलाही सांगता येईना. दवाखान्याचा विषय निघाला की आमच्याकडे दोन पक्ष पडतात, कोल्हापूर आणि बेळगाव. कोल्हापूर जवळ, पण या वेळी बेळगाव जिंकलं, कारण आप्पांना येताना तिथला गोड कुंदा घ्यायचा होता. वाटेत तवंदी घाटात त्यांनी सहज सांगितलं, "दोन दिवस झाले, हृदयाची गोळी बंद केलोय. शेजारचे म्हणाले, रक्त थांबत नाही म्हणून."

मी गाडी बाजूला घ्यायचीच बाकी होते.

डॉक्टरबाई कानडी, पण आप्पांशी मराठीत आणि मदतनीस मुलीशी कानडीत, दोन्ही एकाच वाक्यात. गोळी बंद केल्याचं ऐकून त्यांनी हातातलं काम थांबवलं. एका दाताला रक्त जास्त आलं तर बोळा आहे, टाका आहे, दोन्ही त्यांच्या हातात आहेत. हृदयातली नळी तुंबली तर तिथं त्या काय करणार? ॲस्पिरिनची छोटी गोळी एका दातासाठी सहसा बंद करत नाहीत, आणि कुठलंही रक्त पातळ करायचं औषध आपल्या मनानं तर कधीच नाही. आप्पा शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते. बीपी आणि साखर तपासून झाली.

मग पुढचा प्रश्न. "तंबाखू?"

"छे, छे. कधीतरी."

सदऱ्याच्या खिशातून चंचीचा, तंबाखूच्या पिशवीचा, गोंडा बाहेर लोंबत होता.

"बायी तेगीरी," बाई म्हणाल्या. तोंड उघडा. आणि मुलीला, "हल्लु तेगीबेकु." दात काढायचाय. कानडीत तोंड उघडणं आणि दात काढणं दोन्हीला एकच क्रियापद, हे सीमाभागात एवढी वर्षं काढूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. आप्पांच्या आलं होतं. "मराठीत दात काढणं म्हणजे हसणं," ते बाईंना म्हणाले. भीती वाटली की ते विनोद करतात.

दाढ सात मिनिटांत निघाली. हाड झिजून ती आधीच सैल झाली होती. पण बाईंनी खालचा ओठ उलटून बराच वेळ बघितलं. जिथं आप्पा गेली चाळीस वर्षं चिमूट ठेवतात, नेमकी तिथं सुरकुतलेली पांढरी चामडी होती. त्यांनी मला बोलावून दाखवली. तंबाखू पूर्ण बंद केली तर असले चट्टे पुष्कळदा मावळतात, म्हणाल्या. दोन आठवड्यांनी परत या, तसाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवू. आप्पांकडे वळून मात्र एवढंच, "चार दिवस तरी चिमूट नको. खपली निघाली तर कानापर्यंत ठणकेल आणि अँटिबायोटिकनंही थांबणार नाही. परत इथं येऊन खड्डा धुऊन औषध भरावं लागेल."

हे आत्याला अनुभवानं माहीत होतं. दाढ काढल्याच्या दुसऱ्याच सकाळी तिनं सवयीनं मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावली होती, आणि चौथ्या दिवशी रात्रभर उशीत डोकं खुपसून बसली होती. तिची मिश्री आजही चालू आहे. आप्पांना चार दिवस बजावायचं काम तिनंच केलं, दाराच्या उंबऱ्यावर बसून, स्वतः दात घासत.

कुंदा मऊ असला तरी त्या दिवशी मी दिला नाही. भांडण झालं.

दोन आठवड्यांच्या आतच मला परत यावं लागलं. परवा व्हिडिओ कॉलवर आप्पांनी फोन इतका तोंडाजवळ नेला की सगळा स्क्रीन काळा झाला. "भरालंय काय गं?" आतून आवाज आला. मी म्हटलं हिरडी भरायला दोनतीन आठवडे लागतात, आतलं हाड भरायला काही महिने. "आणि ओठाचं?" ते सोमवारी बाई बघतील, म्हटलं. त्यांनी फोन मागे घेतला तेव्हा पाठीमागच्या खुंटीला चंची दिसली, दोरी नीट गुंडाळलेली. रिकामी आहे की भरलेली ते मी विचारलं नाही.